अर्ध्या कमानीचा कागद

१

मागच्या बाजूला स्टिकर होतं.

साधं, पांढरं, चौकोनी. वर किंमत, खाली बारीक अक्षरात ‘विकलेली वस्तू परत घेतली जाणार नाही’. असली स्टिकरं टूथब्रशवर असतात, फुलदाणीवर असतात. हे चिकटलं होतं देशातल्या सगळ्यात लाडक्या कागदाच्या पाठीवर.

संचालकबाईंनी कागद उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. स्टिकर काही हललं नाही. मग त्या सावकाश स्टुलावर बसल्या, आणि स्टूल तिथं नव्हतं.

त्यांना उठवायला दोघं धावले. एक संग्रहालयाचा म्हातारा पहारेकरी, आणि दुसरा त्याचा मेहुणा, गळ्यात टेप अडकवलेला, पोट सुटलेला, पन्नाशीचा शिंपी. त्याला सगळं गाव ‘कात्री’ म्हणायचं. हातातल्या कात्रीमुळे नाही, जिभेमुळे.

“बाई, लागलं का?” कात्रीनं विचारलं.

“ही प्रिंट आहे!” बाई जमिनीवरूनच ओरडल्या. “आपल्याच दुकानातली प्रिंट! खरा कागद कुठाय?”

कात्रीच्या तोंडाचा आ झाला. गेल्या तीस वर्षांत त्याला गप्प करणारं हे पहिलंच वाक्य.

खरा कागद म्हणजे मोठ्या कमानीचं पहिलं चित्र. ती कमान, जी नाण्यावर आहे, तिकिटावर आहे, शाळेच्या वहीवर आहे. पंच्याऐंशी वर्षांपूर्वी एका शाळेतल्या चित्रकारानं ती पहिल्यांदा कागदावर काढली, तीही अर्धीच. उरलेला अर्धा भाग फाटून हरवला, असं पुस्तकात लिहिलेलं. कमान उभी राहिली, फोटो निघाले, आणि ती ज्याला सुचली त्याला लोक साफ विसरले. इतक्या वर्षांनी आता कुठं त्याचा पुतळा झाला होता. आज अकरा वाजता मंत्री येऊन संग्रहालयाच्या अंगणात पडदा पाडणार होते. तो पडदा कात्रीनंच शिवला होता. आणि चित्र पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी काच असलेल्या पेटीत उभं राहणार होतं, म्हणजे लोकांना मागची बाजूही दिसावी.

मागच्या बाजूला स्टिकर!

“पेटी बंद होती?” कात्रीनं विचारलं.

“कुलूप जसंच्या तसं.” बाई उठल्या. कपडे झटकले. त्यांची नजर पहारेकऱ्याच्या कमरेवर थांबली. “किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे. दुसरी तुमच्याकडे.”

पहारेकऱ्यानं, म्हणजे कात्रीच्या दाजींनी, कमरेची किल्ली मुठीत धरली, जणू तीच पळून जाणार होती.

२

बातमी जिना उतरून खाली दुकानात पोचली आणि दुकानातून ताई वर आली. ताई म्हणजे दाजींची बायको, कात्रीची थोरली बहीण, स्मृतिचिन्हांचं दुकान सांभाळणारी. ती आली ती सरळ भावाच्या अंगावर.

“तूच केलंस ना?”

“काय?”

“ते स्टिकर माझ्या दुकानातलं आहे, कात्र्या! असली अवदसा तुझ्याशिवाय कुणाला सुचते? कुठं लपवलायस कागद? आत्ताच्या आत्ता काढ!”

“ताई, आईशप्पथ...”

“आईची शप्पथ तू त्या वेळीही घेतली होतीस!”

त्या वेळी म्हणजे चार वर्षांपूर्वी. अंगणात घोड्यावर बसलेल्या सेनापतीचा पुतळा आहे. एका सकाळी त्याच्या गळ्यात मोजायची टेप आणि छातीवर खडूनं ‘बुधवारी तयार’ असं लिहिलेलं सापडलं. फोटो पेपरात आला. गाव आठवडाभर हसलं. आणि पहाऱ्यात कसूर म्हणून दाजी महिनाभर घरी बसले. ताई वर्षभर भावाशी बोलली नाही. कात्रीच्या आयुष्यातलं तेवढंच एक वर्ष असं, ज्यात त्यानं कुणाची खोडी काढली नाही.

“या वेळी मी नाही गं,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला स्वतःलाच तो खोटा वाटला.

दाजी खुर्चीत बसून समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत होते. “अरे, तू केलं असलंस तर मी रागावणार नाही,” ते हळूच म्हणाले. “फक्त सांग. पस्तीस वर्षं दारात उभा आहे मी. चोर म्हणून बाहेर नको रे जायला.”

हे मात्र कात्रीला सुई नखाखाली जावी तसं लागलं. बहीण ओरडते, ते ठीक. पण दाजीसुद्धा?

संचालकबाईंनी घड्याळ बघितलं. “साडेआठ झालेत. मंत्र्यांच्या आधी त्यांचे पोलीस येतात, साडेदहाला. तोपर्यंत कागद सापडला तर ठीक. नाहीतर मला किल्लीवाल्याचं नाव द्यावं लागेल.” मग कात्रीकडे वळून, “आणि त्याच्या मेहुण्याचंही.”

“दोन तास आहेत की,” कात्री म्हणाला. “दोन तासांत मी लग्नाचा कोट उसवून परत शिवतो.”

“विनोद नकोत, मास्तर.”

“हा विनोद नव्हता, बाई. काल संध्याकाळी कागद फ्रेममधून काढला तेव्हा पेटीजवळ कोण कोण होतं?”

बाईंनी बोटं मोजली. “मी, प्रोफेसर, आणि चित्रकारांचे नातू, डॉक्टर. मला फोन आला म्हणून मी बाहेर गेले, तेव्हा डॉक्टर यायचे होते, प्रोफेसर एकटेच होते. मग डॉक्टर आले आणि प्रोफेसर हात धुवायला गेले. मग मी परत आले तर डॉक्टर खिडकीत उभे होते. ते दोघं गेल्यावर मी पेटीला कुलूप लावलं. आम्ही तिघंही एकेकदा एकटे होतो.”

“आणि खोटी प्रिंट?”

“पाहुण्यांना एकेक भेट दिली होती. स्टिकर काढायला वेळ नव्हता.”

म्हणजे तिघांकडे प्रिंट, खाली दुकानात हव्या तेवढ्या आणखी, आणि तिघांना संधी. आणि बाहेर जाताना दाजी कुणालाच सोडत नाहीत. पिशवी झाडतात, कोट चाचपतात, प्रत्येक प्रिंट उलगडून मागचं स्टिकर बघतात. बाईंचीसुद्धा पर्स उघडतात. बिनस्टिकरचा कागद त्या दारातून जाणं शक्य नाही.

“मग कागद बाहेर गेलाच नाही,” कात्री म्हणाला. “तो इथंच आहे. आपल्या नाकाखाली.”

सगळ्यांनी नकळत खाली बघितलं.

३

प्रोफेसर वाचनालयात येरझारा घालत होते. कमानीवरचं त्यांचं पुस्तक इतकं जाड, की ते उघडलं तर टेबल डुगडुगायचं.

“चोरी नाही ही, खून आहे!” ते म्हणाले. “माझी बावीस वर्षं त्या कागदात आहेत!”

“सर, मी अडाणी माणूस. त्या कागदात एवढं आहे काय?”

हे विचारणं म्हणजे नळ उघडून निघून जाणं. प्रोफेसर वाहू लागले. कमानीच्या बाहेरच्या अंगानं एक दगडी कंगोरा फिरतो की नाही? त्याचा काही उपयोग नाही, आधार नाही. तो का? तर ती देशाची सीमा! आणि त्या कंगोऱ्यावर मध्येमध्ये त्रिकोणी खाचा आहेत, त्या आठ! त्या काय? तर आठ प्रांत! चित्रात ही दुसरी रेघ, हे त्रिकोण, सगळं आहे.

“मला वाटायचं खाचा कबुतरांसाठी आहेत,” कात्री म्हणाला.

प्रोफेसरांनी त्याच्याकडे असं बघितलं, की कबुतरही लाजलं असतं.

संचालकबाईंनी पेटीजवळ लावायची पाटी दाखवली. मागच्या बाजूवरचे आकडे त्यांनी काल उतरवून घेतले होते. वर मथळा, ‘चित्रकारांनी कमानीच्या प्रमाणासाठी केलेली गणितं’. खाली आकडे. पहिल्या ओळीत चौदा. दुसऱ्या ओळीत चौतीस, ते खोडून छत्तीस. तिसऱ्या ओळीत अठ्ठावीस, खोडून एकतीस, तेही खोडून पस्तीस.

“बघा, किती झगडलाय तो माणूस,” बाई हळव्या होऊन म्हणाल्या. “तीनदा खोडलंय.”

कात्रीनं पाटी हातात घेतली. काहीतरी ओळखीचं वाटलं, रस्त्यात दिसलेल्या चेहऱ्याचं नाव आठवू नये तसं. त्यानं ते आकडे तळहातावर खडूनं उतरवून घेतले.

डॉक्टर अंगणातल्या बाकावर बसले होते. हातात भाषणाचा कागद, आणि तो कागद कोरा.

“आज सुट्टी काढून आलोय,” ते कसंबसं हसले. “नाहीतर या वेळेला कुणाचं तरी पोट उघडून उभा असतो.”

“म्हणजे आपण दोघंही उसवून शिवणारे. तुमचं गिऱ्हाईक मात्र गप्प पडून राहतं, नशीबवान आहात. आजोबा आठवतात का, साहेब?”

“फारसे नाही. आजी आठवते. तिनंच मला वाढवलं.” ते थांबले. “कमानीखालून जायचो ना आम्ही, की ती हसायची. दरवेळी. हात असा गळ्याशी न्यायची आणि हसायची. आम्हाला वाटायचं, नवऱ्याचा अभिमान.”

“मग काय होतं?”

डॉक्टरांनी भाषणाच्या कोऱ्या कागदाची घडी घातली. “मला भाषण लिहायचंय,” ते म्हणाले, आणि तोंड फिरवलं.

४

पडदा शिवायचं काम कात्रीनं दिवाणखान्याएवढ्या बाजूच्या खोलीत मांडलं होतं. पेटीच्या खोलीतून दार थेट तिथंच उघडतं. काल संध्याकाळी तो शिवण अर्धी टाकून दाजींबरोबर चहा प्यायला गेटवर गेला होता. खुर्चीत बसून त्यानं ती स्टिकरवाली प्रिंट मांडीवर पसरली. डोकं चालेना. पायाखाली दोऱ्याचे बारीक बारीक तुकडे पडले होते, नखाएवढे, न्हाव्याच्या दुकानात मिशीचे केस पडतात तसे. त्यानं ते चपलेनं बाजूला सारले. स्टिकर पुन्हा बघावं म्हणून प्रिंट पालथी केली, मग सुलटी केली. सुलटी करताना तिचा वरचा भाग खाली आला.

आणि कात्री उठून उभाच राहिला.

कमान उलटी झाल्यावर ती कमान राहिलीच नव्हती. तो गळा होता.

अगदी स्वच्छ, बायकांच्या झग्याचा खोल गोल गळा. गळ्याच्या आतून जी पट्टी लावतात, त्या पट्टीचं पेपर कटिंग! अर्धंच, कारण पेपर कटिंग अर्धंच काढायचं असतं. कापडाची घडी घालायची, कागदाची सरळ कड घडीवर ठेवायची आणि कापायचं, उलगडलं की पूर्ण. काही फाटलं नव्हतं, काही हरवलं नव्हतं. आणि बाहेरून फिरणारी ती दुसरी रेघ? ती शिलाईसाठी सोडलेली माया. बोटभर जास्तीची जागा, प्रत्येक शिंपी सोडतो. आणि त्रिकोण? दोन तुकडे जुळवायच्या खाचा!

“अगं आई गं,” कात्री खुर्चीत कोसळला.

म्हणजे गवंड्यांनी कागद समोर ठेवला आणि जे होतं ते दगडात चढवलं. शंभर फूट उंचीच्या दगडी कमानीला, शंभर फुटांची शिलाईची माया! खाचांसकट! आणि वर प्रोफेसरांचे आठ प्रांत!

तो इतका हसला की पोट धरून वाकला. मग हातावरचे खडूचे आकडे दिसले आणि हसू तिथंच थिजलं.

चौदा, खांदा. चौतीसची छत्तीस, छाती. कंबर अठ्ठावीस, एकतीस, पस्तीस. खांदा तसाच, छाती जरा वाढलेली, कंबर दोनदा खोडलेली. असं एकच गिऱ्हाईक असतं. दिवस गेलेली बाई.

त्यानं कार्यक्रमाची पत्रिका ओढली. चित्रावर सहीखाली जे साल होतं, त्याच साली चित्रकारांना एकुलता एक मुलगा झाला, असं छापलं होतं. डॉक्टरांचे वडील.

देशाची कमान म्हणजे चित्रकाराच्या पोटुशी बायकोनं स्वतःच्या सैल झग्यासाठी कापलेला गळा होता. चित्रकारानं तो उलटा धरला आणि खाली सही केली.

आणि आज, पहिल्यांदाच, कागदाची मागची बाजू लोकांना दिसणार होती. शिवणकाम येणाऱ्या कुठल्याही बाईनं ते आकडे बघितले असते आणि तिथल्या तिथं ओळखलं असतं.

म्हणजे ज्यानं कागद उचलला, त्याला हे माहीत होतं. पण कुणाला? प्रोफेसरांची बावीस वर्षं पाण्यात गेली असती. बाईंचा सोहळा हास्यास्पद झाला असता. डॉक्टरांच्या घराण्याचं नाक कापलं गेलं असतं. तिघांनाही कारण होतं!

“मास्तर,” दारातून शिपाई ओरडला, “पडद्याची साखळी आली हो!”

५

वाऱ्यानं पडदा उडू नये म्हणून खालच्या रुंद दुमडीत लोखंडी साखळी घालतात. ती काल आली नव्हती, म्हणून कात्रीनं दुमडीचा हातभर भाग उघडा ठेवला होता. साखळी ओवायची, मग शिवून टाकायचं.

त्यानं पडद्याची कड हातात घेतली. सरकवत सरकवत त्या जागेपाशी आला.

जागा बंद होती.

कुणीतरी ती शिवली होती. त्याच्याच डब्यातल्या दोऱ्यानं.

कात्रीनं दुमड दाबली. आत काहीतरी कुरकुरलं. जाड, जुना, गुंडाळलेला कागद.

त्याचा हात उसवायला पुढे गेला आणि हवेतच थांबला. आत्ता तो कागद बाहेर काढला तर? पडदा त्याचा, दोरा त्याचा, सुई त्याची. कागद सापडेल, पण चोर म्हणून तोच सापडेल. आणि किल्ली देणारे दाजी. ताई तर म्हणेलच, मी सांगत नव्हते?

लपवायला ही जागा कुणाला सुचली, हेही कळेना. मग आठवलं. इथली पद्धत अशी, की अनावरण झालं की पडदा घडी करून आठवण म्हणून ज्याचा पुतळा त्याच्या घरच्यांना देतात. पण बाईही तो आधी आपल्या कपाटात ठेवतात. आणि प्रोफेसरांनी पुस्तकाच्या बांधणीला त्याचा तुकडा मागून ठेवला होता. तिघांच्याही हातात पडदा दाजींसमोरून, उजळ माथ्यानं बाहेर जाणार होता.

कात्रीनं चष्मा चढवला आणि टाके बघितले.

कुठलाही शिंपी एक गाठ मारतो, दोरा पळवत नेतो, शेवटी दुसरी गाठ मारतो. हे तसं नव्हतं. इथं प्रत्येक टाका वेगळा होता. एक टाका, त्याची गाठ, दोरा कापलेला. बोटभर अंतर. पुन्हा एक टाका, गाठ, कापलेला. सरळ रेषेत सैनिक उभे असावेत तसे अठरा टाके. असं कोण शिवतं? वेडा?

त्यानं चपलेनं सारलेले दोऱ्याचे तुकडे शोधले. मोजले. शेवटचा सोळावा होता, दोन चपलेला चिकटले होते.

घड्याळात पावणेदहा.

कात्रीच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच ते जुनं हसू आलं. सेनापतीच्या वेळचं.

६

“मंत्री येणार आणि हे कोट? छे, छे! द्या इकडे, एक हात इस्त्री फिरवतो.”

दहा मिनिटांनी त्यानं तिघांचे कोट आणून दिले. तिन्हींचं मधलं बटण गायब, बटणं त्याच्या तळहातावर.

“माझ्या ब्लेझरचं बटण!” संचालकबाई किंचाळल्या.

“इस्त्री गरम झाली हो, दोरे जळले. मला शिडीवर चढून पडदा लावायचाय. ही घ्या सुई, हा दोरा, ही कात्री. शिकलीसवरलेली माणसं तुम्ही, एक बटण लावता येत नाही?”

शिव्या देत देत तिघंही बसले. कात्री दाराआड पडदा घडी करत उभा राहिला. घडी एकच होती, ती तो पुन्हा पुन्हा घालत होता.

संचालकबाईंनी दोरा दुहेरी घेतला, घराघरात लावतात तसं खाली-वर, खाली-वर पाच वेळा, आणि दातांनी तोडला. बटण वाकडं, पण पक्कं.

प्रोफेसरांनी सुईचं भोक शोधण्यात चार मिनिटं घालवली, मग बोटात टोचून घेतली, मग कोटाबरोबर स्वतःची बाहीसुद्धा शिवली.

डॉक्टर खिडकीबाहेर कमानीकडे बघत होते. लक्ष कुठंच नव्हतं. हात मात्र आपले आपण चालले होते. सुई आत, बाहेर, बोटांना पत्ता लागण्याआधी गाठ, कच्च, कापलं. पुन्हा आत, बाहेर, गाठ, कच्च. बुटांपाशी नखाएवढे तुकडे पडत होते.

माणसाचं पोट एका लांब दोऱ्यानं शिवलं आणि एक टाका सुटला, तर सगळं उसवेल. म्हणून सर्जन प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ मारतो. कात्रीचं स्वतःचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. आरशात त्यानं ते टाके बघितले होते आणि म्हणाला होता, ‘काय आडमुठी शिलाई आहे!’

तो डॉक्टरांपाशी गेला. वाकला. खालचा एक तुकडा उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “अठरा टाके पडद्याला, पाच बटणाला. हात फार सुबक आहे तुमचा. पण शिंप्याचा नाही.”

डॉक्टरांच्या हातातली सुई पडली.

७

“काल मागचे आकडे बघितले,” डॉक्टर म्हणाले. आता खोलीत दोघंच होते. “आजीचं अक्षर होतं. तिचा ‘पाच’ वेगळा असायचा, शेपटीवाला. मला आधी काही कळलं नाही. मग ती गळ्याशी हात नेऊन हसायची ते आठवलं, आणि सगळं लक्षात आलं.”

“म्हणून उचलला?”

“आज मी उठून सांगणार होतो, की माझ्या आजोबांना एका रात्री ही कमान सुचली. आणि मागे सगळ्या देशासमोर आजीची कंबर! हसतील हो लोक. तुम्ही नाही हसलात?”

“खूप हसलो,” कात्रीनं कबूल केलं. “पोट दुखेपर्यंत.”

“बघा.”

“पण साहेब, माझ्या बहिणीला वाटतं हे मी केलं. माझ्या दाजींना वाटतं मी केलं. तुम्ही आजोबांचं नाक वाचवायला निघालात, आणि तिकडे पस्तीस वर्षं दारात उभा राहिलेला पहारेकरी खुर्चीत बसून भिंतीकडे बघतोय. पंधरा मिनिटांत त्याला चोर म्हणून नेतील. त्याचं नाक?”

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. “मला वाटलं नव्हतं, कुणावर आळ येईल. मागे आकडे दिसले नाहीत तर ते पुसले गेले म्हणतील, प्रिंट आहे हे कळणारच नाही असं वाटलं. ते स्टिकर...”

“निघत नाही ते. ताई चांगला डिंक वापरते.” कात्री त्यांच्या शेजारी बसला. “एक सांगू? हसू मला कशाचं आलं माहितीये? आजीच्या कंबरेचं नाही. माझ्यासारख्या माणसानं सोडलेली बोटभर माया, ती शंभर फूट दगडात चढलीये! इतके राजे आले, गेले, कुणाच्या शिलाईचं एवढं देऊळ झालं नाही. ती तुमची आजी हसायची ना कमानीखाली? ती रडत नव्हती. हसत होती. तिला गंमत वाटत होती, साहेब. आणि आजोबांनीही काही कमी नाही केलं. गळा रोज सगळे बघतात, उलटा धरून बघणारा तो एकटाच. पण सांगितलं नाही, तेवढंच चुकलं. ते आज दुरुस्त होतं की.”

बाहेर गाड्यांचे आवाज आले. जिन्यावर बुटांचा खडखडाट. पोलीस.

डॉक्टर उठले. अंगावर कोट चढवला, मधल्या बटणाला आता पाच गाठी होत्या. “उसवा,” ते म्हणाले.

कात्रीनं कच्चकच्च अठरा टाके कापले. डॉक्टरांनी कागद दोन्ही हातांत धरला, दार उघडलं आणि सगळ्यांसमोर, पोलिसांसमोर, संचालकबाईंसमोर, खुर्चीतल्या पहारेकऱ्यापुढे जाऊन उभे राहिले.

“मी घेतला होता,” ते म्हणाले. “यांचा काही संबंध नाही. मला माफ करा.”

संचालकबाई पुन्हा बसल्या. या वेळी खुर्ची होती. दाजींनी कमरेची किल्ली मुठीतून सोडली, आणि तळहातावर तिचा ठसा उमटलेला दिसला.

८

अकरा वाजता पडदा पडला. साखळीसकट, झक्क, एका झटक्यात. चित्रकार हातात पेन्सिल घेऊन उभा होता आणि त्याची नजर थेट कमानीकडे होती. टाळ्या झाल्या.

डॉक्टर बोलायला उठले. त्यांनी सगळं सांगितलं. गळा, घडी, माया, खाचा. कंबर सांगताना ते म्हणाले, “त्या शेवटच्या चार इंचांत माझे वडील होते.” अंगणात पाचशे माणसं. कुणाला हसावं की रडावं कळेना. मंत्र्यांनी मान वळवून कमानीकडे बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं, डोकी वाकडी करकरून, उलटी दिसते का म्हणून. प्रोफेसर पुस्तक छातीशी धरून पुटपुटत होते, “आठ प्रांत... आठ खाचा...” आणि मग एकदम, अगदी लहान मुलासारखे, खो खो हसायला लागले. ते हसले आणि सगळं अंगण हसलं.

कात्री मागे शिडीपाशी उभा होता. डॉक्टर खाली उतरले ते सरळ त्याच्याकडे आले.

“द्याल?” त्यांनी त्याच्या गळ्याकडे बोट दाखवलं.

कात्रीनं टेप काढून दिली. डॉक्टर शिडीवर चढले, आणि पुतळ्याच्या गळ्यात ती पिवळी टेप घातली, दोन्ही टोकं समोर, शिंप्यांची असते तशी.

सेनापतीचा किस्सा सगळ्या गावाला पाठ होता. सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

त्यातली सगळ्यात पुढची मान ताईची होती. दाजींचा हात हातात, डोळे लाल, भुवया वर.

कात्रीनं दोन्ही हात वर केले.

“ताई, आईशप्पथ,” तो म्हणाला, “या वेळीही मी नाही!”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं डोळे पुसले.

“माहितीये रे, गाढवा,” ती म्हणाली. “चल, तुझे दाजी चहाला थांबलेत.”